निवायला दिलेला वेळ

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? आणि तुझ्या कौलांची भट्टी? आमच्या धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत. 'सहा' म्हणाली की समोरच्याने तोंड पुसायचं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. विशेष काही नाही, कामाचं कळवते.

अणुभट्टीतला घातक कचरा एका खनिजात कोंडून जमिनीत खोल पुरायचा, त्यासाठी आम्ही बटणाएवढ्या चकत्या भाजतो. (चाचणीत खरा कचरा नसतो, निरुपद्रवी धातू घालतो. काळजी करू नकोस.) जमिनीखालचं गरम, खारं पाणी कधी ना कधी त्यांना गाठणारच. तेव्हा त्या किती झिजतील हे बघायला बारा चकत्या पोलादी डब्यात, खाऱ्या पाण्यात, दोनशे अंशांवर नव्वद दिवस ठेवल्या. साहेब याला 'कुकर लावणं' म्हणतात.

डबा उघडला तर नऊ चकत्यांवर पांढरी साय. चिमट्याने खरवडली तर भुगा. इकडे अहवालात 'टिकाऊ' असं लिहूनही झालं होतं. साहेबांचा चेहरा बघवेना.

चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खनिजाचे दाणे ठणठणीत. पाणी शिरलं होतं ते दाण्यांच्या मधल्या, भाजताना वितळून बनलेल्या काचेतून. भट्टी झटपट थंड केली की ती काच तशीच राहून जाते; सावकाश निवू दिली की तिचेही दाणे बनतात. उरलेल्या तीन चकत्यांना काही झालं नव्हतं. त्या भाजल्या तेव्हा मी तापाने घरी पडले होते, भट्टी उघडायला कोणी नव्हतं. दोन दिवस आतच निवांत निवल्या. माझ्या तापाने आजवर केलेलं हे एकमेव शास्त्रीय काम.

दादा, किती वळसे घालू. दोन वर्षांपूर्वी तू प्रयोगशाळा बघायला आलास, चकती हातात फिरवलीस आणि म्हणालास, "चिमणे, भाजलीयस छान. पण हिला निवायला वेळ दिला नाहीस."

आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, ही कौलं नाहीत."

सगळे हसले. तूही हसलास. पण चहा न घेता निघालास.

काल बैठकीत मी अहवाल मागे घ्यायला लावला. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, "भट्टी उघडायची घाई. माझ्या भावाने हे दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी त्याला गप्प केलं."

साहेबांनी अहवाल बाजूला सारला. मग म्हणाले, "ते येतील का? हसलो मीही होतो, हवं तर मी माफी मागतो."

"ती मलाच मागायची आहे," मी म्हणाले.

त्या दिवशी मला तुझ्या मातकट नखांची लाज वाटली होती. हे एक वाक्य लिहायला सहा कागद फाडले. माझं चुकलं.

सोमवारी नवी भट्टी लावतोय. किती तास निवू द्यायची, ते तू ठरव. येणार नसशील तर नुसता आकडा कळव, तेवढे तास मी भट्टीला हात लावणार नाही. पण आलास तर फार बरं वाटेल.

कौलं भाजणाऱ्याची बहीण,
चिमणी