किती वेळा लावलं?

साहेब, धुळ्याच्या दवाखान्यात तुम्ही मला चारचौघांत झापलं होतंत, तिथूनच सुरुवात करतो. केस झडलेलं एक मांजर टेबलावर होतं. मी मालकाला विचारलं, "घरी काही लावलं का?" तो नाही म्हणाला, मी मान डोलावली. भिंग डोळ्याला तसंच ठेवून तुम्ही कडाडलात, "अरे, असं विचारल्यावर हो कोण म्हणेल? किती वेळा लावलं, ते विचार. आणि विचारताना त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, कातडीकडे बघ." अस्सा राग आला होता मला! नवी पदवी, नवा कोट, आणि मांजराचा मालक समोर हसतोय.

पुढे जळगावला माझी स्वतंत्र नेमणूक झाली. स्वातंत्र्य मिळून अजून दहा वर्षंही झाली नव्हती. एक दिवस असोद्याहून बैलगाडी येते. गाडीत गोणपाटावर कुत्रा, शेजारी त्याचे मालक नाना, मागोमाग गावचे सरपंच. कुत्रा नानांची केळीची बाग राखणारा. पाठभर फोड, वाहणारी लस. सरपंच बसतही नाहीत. "लूत हाये. बकऱ्याइले लागीन. तुमी लिहून द्या, आजच गोळी घालतो." नानांचा हात कुत्र्याच्या डोक्यावरून हलत नाही.

मी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. लुतीचा किडा नाही. पण एकदा सापडला नाही म्हणजे लूत नाहीच, असं म्हणू नये, हेही तुमचंच. पुन्हा कुत्र्याकडे वळतो. लूत आधी कान आणि कोपरं धरते. इथं ती स्वच्छ आहेत. फोड मात्र पाठीवरून ओघळल्यासारखे खाली उतरलेत, कडेला काळे डाग. मी मान खालीच ठेवून विचारलं, "नाना, किती वेळा लावलं?"

"रोज लावला, डाक्टर," नाना हळूच म्हणाले. "बिबा. गोचीड चावला व्हता, मले वाटलं बरं व्हईन."

बिबा उतला होता, साहेब, त्याच्या तेलानं कातडी भाजली होती! मी इतक्या जोरात ओरडलो की कुत्र्यानं कान टवकारले. सरपंच म्हणाले, "अन् आमच्या बकऱ्या?" मी म्हटलं, "त्यांना बिबा लावू नका, काही होत नाही." त्या दिवशी मी केवढा उंच झालो होतो, काय सांगू!

साबणानं धुणं, खोबरेल, मलम. हळूहळू पाठीवर केस आले. नाना मग मुद्दाम वाट वाकडी करून त्याला सरपंचांच्या ओट्यासमोरून बागेत नेत, आणि तोही शेपटी वर करून जाई.

पहिल्याच सुट्टीला मी एस.टी.नं धुळं गाठलं आणि सगळं रंगवून सांगितलं. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. हातातलं भिंग माझ्या कोटाच्या खिशात टाकलंत आणि पुढचं जनावर आत बोलावलंत. परतीच्या वाटेवर मी ते खिशात दहादा चाचपलं.

हे पत्र मी कुठं टाकणार? एक गोष्ट मात्र तुम्ही असताना बोललो नाही, ती लिहून ठेवतो. त्या भिंगाची काच पहिल्या दिवसापासून इतकी घासलेली आहे, साहेब, की त्यातून धड काहीच दिसत नाही. तरी आयुष्यभर तेच वापरलं. ते डोळ्याला लावायचं, खाली बघायचं, आणि समोरचा बोलेपर्यंत थांबायचं.