वसईला न पोहोचलेली पायगाडी

ठाणे, आश्विन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप परशुरामदादांस गुरुदत्ताचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या आरंभी ‘इकडे सर्व क्षेम’ असे लिहायची आपली रीत आहे. पण तुमची बहीण गेल्यापासून ते वाक्य लिहायला घेतले की लेखणी अडते. तेव्हा एवढेच लिहितो की मी हिंडतो-फिरतो आहे, अन्न पोटात जाते आहे आणि उजवा गुडघा सोलला आहे. तुमचा दमा, मनूवहिनींची कंबर, वाडीतल्या केळी आणि रहाटाचा तो रागीट बैल, सर्वांचे कुशल कळवावे. शकूचा पुढचा दात पडला की अजून हलतोच आहे, तेही कळवावे.

तुमचे पत्र पोचले. शेजारात उंदीर पडू लागले तेव्हा शकूला तुमच्याकडे धाडली हे एक बरे झाले. नाहीतर त्या तापाने घरातले आणखी एक माणूस नेले असते. ‘आई नाशकाला मावशीकडे हवापालटाला गेली आहे’ ही थाप माझीच. ती काही दिवस टिकली. आता भाऊबीज तोंडावर आली आणि पोर घरभर सांगत सुटली की आई येणार, मामाला ओवाळायला बहीण येत नाही असे कुठे होते का! (सात वर्षांच्या मुलीचा हा युक्तिवाद मला कोर्टात कुणी ऐकवला असता तर मी खाली बसलो असतो.) तुम्ही लिहिलेत, ‘बापाने येऊन सांगावे, आमच्याने होणार नाही.’ खरे आहे. तेवढ्याचसाठी परवा रविवारी निघालो होतो. पोहोचलो का नाही, ते सविस्तर लिहितो.

रेल्वेने यावे तर मुंबईचा वळसा, आणि वाटेत जागोजागी काखेत गाठी चाचपणारे डॉक्टर. मी तपासणी चुकवत नव्हतो. (असे मी स्वतःला टेंभी नाक्यापर्यंत तीनदा सांगितले.) आमच्या कोर्टाच्या पारशी शिरस्तेदारांनी विलायतेहून पायगाडी आणवली आहे. दोन चाके, एकामागे एक, मध्ये बसणारा आणि त्याचे नशीब. ती त्यांनी मला मोठ्या मनाने दिली. आठवडाभर कचेरीमागच्या मैदानात मी तिच्यावर बसायला शिकलो. उतरायला शिकवायचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

घोडबंदरचा रस्ता तुम्ही बैलगाडीतून पाहिलेला आहे, म्हणजे पाहिलेलाच नाही, कारण तुम्ही झोपता. डावीकडे येऊरचा डोंगर, सागाला मोहोर आलेला, उजवीकडे खाडी, आणि मध्ये तांबडी खडी. माजिवड्यापर्यंत सपाटी, तिथवर मी राजासारखा गेलो. पुढे मात्र शकूला काय सांगायचे ते मनात जुळवू लागलो आणि घात झाला. दादा, मला हातवारे केल्यावाचून बोलता येत नाही. मनातल्या मनातही येत नाही. ‘शके, या जगात जे जे जन्माला येते’ इथवर आलो की उजवा हात आपोआप वर जाई, आणि पायगाडी एका हाताचे राज्य मानत नाही. पहिल्यांदा भाताच्या खाचरात पडलो. दुसऱ्यांदा ‘निसर्गाचा नियम’ म्हणताना दोन्ही हात सुटले, तेव्हा करवंदीच्या जाळीत. कासारवडवलीच्या अलीकडे एका म्हशीने मला रस्ता दिला. तेवढा मान मला ठाणे नगरपालिकेतही मिळालेला नाही.

गायमुखाचा चढ मी गाडी हाताने ढकलून चढलो, आणि उतारावर पुन्हा स्वार झालो. उतार संपतो न संपतो तोच साखळीने धोतराचा सोगा गिळला. गिळला तो असा की पुढे जाता येईना, मागे येता येईना आणि धोतर सोडून पळून जाण्याइतका मी सुधारक नाही. तसाच एका दगडाला पाय टेकून उभा होतो, तर समोरून मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणी आल्या. पुढचीला मागच्या ‘रंगूबाई’ अशा हाका मारत होत्या. ती थांबली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “ए दादूस, गारीचा बैल कुनी नेला रं?” मी तिला समजावले की या यंत्राला जनावर लागत नाही, मनुष्य स्वतःच्या पायांच्या बळावर पुढे जातो, आणि आपल्या देशाने नेमके हेच शिकायचे आहे. (इथे हात वर गेला, गाडी कलली.) “मंग असं बोल ना,” ती म्हणाली, “तुलाच जुपलाय!” सगळ्या जणी पाट्या सावरत हसल्या. दादा, मी हजारांच्या सभा पाहिल्या, पण माझा मुद्दा इतक्या थोडक्यात कुणी मांडला नव्हता. मग तिने कमरेचा कोयता काढून सोगा कापला आणि मला मोकळे केले. “कुठं चाललास?” “मुलीला भेटायला.” तेव्हा मात्र ती हसली नाही. “जा बाबा, बिगीनं जा. भरती हाय, तर होरी मिलंल.”

अर्ध्या धोतराने मी घोडबंदरला पोहोचलो. पलीकडे वसईची बाजू, हिरवीगार, आणि काळुराम नावाड्याची होडी सुटायच्या बेतात. मी गाडीसकट होडीत पाय टाकला, तोच मागून, “थांबा!” धक्क्यावर प्लेगच्या तपासणीचे नवे छप्पर, आणि त्यात सहदेव नावाचा कल्याणकडचा तरुण कंपाउंडर. ठाण्याहून येणाऱ्याने आधी छपरात ठरलेले दिवस काढायचे, मग पलीकडे जायचे, असा हुकूम. मी माझे नाव सांगितले. तो ताडकन उभा राहिला, डोळे चमकले. “आपणच का ते! साहेब, टेंभी नाक्यावरचे आपले व्याख्यान मी पहिल्या रांगेत बसून ऐकले!” आणि दादा, त्याने ते मला म्हणून दाखवले. हातवाऱ्यांसकट. ‘न्यायाधीश असो वा हमाल, तपासणीपुढे सर्व समान! जो ओळखीच्या जोरावर सूट मागतो तो शेजाऱ्याच्या लेकराचा वैरी!’ इतके चांगले मलाही जमले नव्हते. म्हणाला, “हे ऐकूनच मी ही नोकरी धरली.” टाळ्याच काय त्या वाजवायच्या राहिल्या होत्या. होडी सुटली. मी परत फिरलो.

असे आहे. प्रयत्नात कसूर केली नाही हे तुम्ही जाणालच. मनूवहिनींस नमस्कार, शकूस आशीर्वाद.

आपला
गुरुदत्त

ता. क. पायगाडी शिरस्तेदारांना परत केली. त्यांनी आम्हां दोघांकडे पाहिले आणि आधी तिची चौकशी केली.

ता. क. वर लिहिले ते सर्व खरे आहे, पण पुरे नाही. सहदेवाने भाषण संपवले, मग हळूच विचारले, “पलीकडे कोण आहे?” मी सांगितले. तो म्हणाला, “मग मुलीलाच समोरच्या काठाशी आणवू. तिला घेऊन होडी इथून थोडी दूर उभी करायची, तुम्ही धक्क्यावरून बोला. त्याला मनाई नाही.” काळुराम निरोप न्यायला तयार होता, त्याने दाम विचारला नाही. मी म्हणालो, “नको, पुन्हा केव्हातरी.” मला कायद्याने अडवले नाही. ‘जन्माला येते’, ‘निसर्गाचा नियम’, सगळे जुळले होते. ‘तुझी आई’ एवढे दोन शब्द आले की पुढे काही नव्हते. म्हणून कृपा करून मनूवहिनींनीच तिला काय ते सांगावे. बायकांना जमते.

ता. क. पाकीट बंद करताना थांबलो. मी काय मागतो आहे ते आत्ता कळले. माझी बायको गेली तशी तुमची पाठची बहीण गेली. यंदा तुम्ही पाटावर बसणार नाही, आणि मी मात्र तुमच्याच घराला सांगतो आहे की माझ्या वतीने बोला. वरची विनंती मागे घेतली. उद्या पायी निघतो, घोडबंदरच्या छपरात ठरलेले दिवस काढतो आणि तुमच्या वाडीत येतो. मी येईपर्यंत शकूला कोणी काही सांगू नये. मी सांगताना तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. मी मध्येच थांबलो तर पुढचे तुम्ही बोलू नका. तिला विचारू द्या.