दुसऱ्या चौकोनातली माय

प्रिय माय,

तुझ्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर एक गोष्ट चुकीची सांगितली. ती आधी दुरुस्त करते. मी म्हणाले होते, "साहेबांनी रजा दिली नाही, म्हणून मायला दवाखान्यात नेता आलं नाही." भावकीतली माणसं हळहळली. शेजारच्या सुगलाअक्कानं तर साहेबांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण ते खरं नव्हतं. साहेबांनी रजा नाकारली नाही. मी मागितलीच नव्हती.

आजच का लिहिते? कारण मला साहेबांवर सूड उगवायचा आहे, आणि ज्याच्यावर सूड उगवायचा त्याच्या माथी कणभरही खोटं नको. तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे. लाइटबिल वाचून दाखवायचे तसं हेही तुझ्या फोटोसमोर बसून वाचून दाखवीन.

कॉलेजच्या ऑफिसात पांढरा फळा आला तो दिवस तुला आठवतो का? त्या दिवशी घरी येऊन मी किती उड्या मारल्या होत्या! आमच्या ऑफिसच्या अधीक्षक साहेबांनी फळ्यावर अधिकाचं चिन्ह काढलं, चार चौकोन केले. पहिल्यात महत्त्वाचं आणि तातडीचं. दुसऱ्यात महत्त्वाचं, पण तातडीचं नाही. तिसऱ्यात नुसतं तातडीचं. चौथ्यात दोन्ही नाही ते. "पहिल्या चौकोनातलं काम हातात असताना मोबाइल ड्रॉवरमध्ये," साहेब म्हणाले. "आणि दुसऱ्यातल्या कामाला तारीख द्यायची. तारखेच्या आधी त्याला हात लावायचा नाही."

आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. शिकलेली माणसं असंच वागत असतील, असं मला वाटलं. मी तुलाही ते शिकवायला बसले. चुलीपुढच्या राखेत बोटानं चार चौकोन काढले. तू बघितलंस आणि हसलीस.

"आन् म्हशीला कुठल्या खणात घालायलीस?"

"माय, म्हैस ऑफिसात नसते."

"मग तुझं ऑफिस कामाचं न्हाई. अगं, जे मुकं हाय त्याचं आधी करावं. बोलणारा वरडून मागून घेतो. मुकं कुणाला मागंल?"

तुझा सगळा दिवस या एका वाक्यावर चालायचा. आधी म्हशीला पाणी, मग वासराला, मग तुळशीला, मग आम्हाला. पाहुणा ओट्यावर बसून खाकरत असला तरी आधी गोठा. मी तेव्हा मनात म्हणाले, हे अडाण्याचं गणित. माझ्या वहीत सुबक पट्टीनं आखलेले चार चौकोन होते ना!

मग तुला दम लागायला लागला. पायाला सूज आली. शेतातून येताना तू बांधावर दोनदा बसायचीस. मी विचारलं की एकच उत्तर. "पित्त झालंय गं. सवडीनं बघू. तू जा, तुझी बस जायलीय."

सवडीनं बघू! माय, हा शब्द तू कामून वापरलास गं? मी तो शब्दशः घेतला. वहीत दुसऱ्या चौकोनात लिहिलं, "माय, बीदरचा दवाखाना", आणि पुढे तारीख टाकली, शनिवारची. महत्त्वाचं, पण तातडीचं नाही. ते अक्षर माझं आहे. सगळ्यांना मुक्यांचं आधी बघायला सांगणारी तू स्वतःच्या दुखण्याला मात्र मुकी झालीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, "आज थांब." मी थांबले असते. थांबले असते ना? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते आणि रोज उत्तर थोडं बदलतं.

त्या आठवड्यात, मंगळवारी, साहेबांनी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा टाकला. फळ्यावर पहिल्या चौकोनात स्वतःच्या हातानं लिहिलं, "निमंत्रितांची यादी, गुरुवारपर्यंत". शेकडो नावं, पत्ते, फोन नंबर. मला वाटलं, कॉलेजच्या कार्यक्रमाची असेल. बुधवारी सकाळी तू दारात चौकटीला धरून उभी होतीस, तोंड पांढरं पडलेलं. मी चप्पल घालता घालता म्हणाले, "शनिवारी जायचंच आहे ना आपल्याला." तू मान डोलावलीस.

गुरुवारी माझा मोबाइल ड्रॉवरमध्ये होता. सुगलाअक्कानं तीनदा फोन केला. जेवणाच्या सुट्टीत ड्रॉवर उघडला तेव्हा तू गेलेली होतीस. यादी मात्र पूर्ण झाली होती. मी ती साहेबांच्या टेबलावर नीट ठेवून, वर पेपरवेट ठेवून मग निघाले. माय, मी पेपरवेट ठेवला!

एवढ्यावर मी सारा दोष स्वतःकडेच ठेवला असता. ठेवलाही होता. मग दिवाळी झाली आणि साहेब ऑफिसात हसत हसत पत्रिका वाटायला आले. त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती. माझ्या हातात पत्रिका देऊन म्हणाले, "यादी तूच केलीस की! तू बसून केलीस म्हणून बरं. माझं एक मोठं काम डोक्यावरून उतरलं बघ."

मी विचारलं, "सर, ती यादी... ती यासाठी होती?"

"मग? अजून कशासाठी?"

"पण गुरुवारपर्यंत पाहिजे म्हणालात."

"अगं, गुरुवार म्हटल्याशिवाय तुम्ही लोक करता का?"

एवढं बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले. दसऱ्याच्या आधी तातडीची म्हणून करून घेतलेली यादी दिवाळीनंतर उघडली गेली होती. मी पत्रिका हातात धरून उभी होते. आमचे शिपाई शरणप्पामामा पाण्याचा ग्लास घेऊन आले. "उभी कामून राहिलीस अक्का? बस खाली."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. आधी बारीकसारीक सूड सुचले. साहेबांच्या रजेचा अर्ज मी दोन दिवस गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला. मग जीव एवढा घाबरा झाला की तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तो वर काढला, तारीखही बरोबर टाकली. कुणाचा कागद दाबून ठेवणं मला जमत नाही. आणि दाबला असता तर साहेबांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

मग मी वही काढली. मला सगळं लिहून ठेवायची खोड आहे, तू त्यावरून चिडवायचीस. "न्हाई लिव्हलीस तर सूर्य उगवायचा न्हाई का?" वर्षभर फळ्यावरच्या पहिल्या चौकोनात काय काय लिहिलं गेलं, ते कुणाचं काम होतं आणि ते साहेबांनी खरोखर कधी उघडलं, सगळं माझ्याकडे आहे. त्यांच्या मुलाच्या प्रवेशाचे फॉर्म. त्यांच्या मेव्हण्याचं भाषण टाइप करणं. आणि त्याच दिवसांत पोरांचे टीसी, शिष्यवृत्तीचे अर्ज दुसऱ्या चौकोनात तारखेची वाट बघत पडलेले. औरादहून दोन बस बदलून एक पोरगी टीसीसाठी तीनदा येऊन गेली. ती मोठ्यानं बोलली नाही, म्हणून तिला चौथी तारीख मिळाली. ती तारीख देणारी मीच होते, हेही वहीत आहे.

आणि बघ, संधी कशी चालत आली! गेल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. नव्यानं लागलेल्या लोकांना कामाचं नियोजन शिकवायचं आहे. संस्थेचे अध्यक्ष आणि प्राचार्यही बसणार आहेत. साहेब म्हणाले, "तू शिकव. माझी पहिल्या नंबरची शिष्या आहेस तू. एखादं खरं उदाहरण घे, लोकांना पटतं."

मी म्हणाले, "घेते सर. खरंच घेते."

शरणप्पामामांना मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून झटकली. "पोरी, तुझी पक्क्या नोकरीची ऑर्डर त्येच्याच टेबलावर हाय. अजून सही न्हाई झाली."

"माहीत आहे."

"मग जरा सही होऊ दे की! सूड काय, दूध हाय व्हय नासायला?"

"सही झाली की मी बोलणार नाही मामा. मी मला ओळखते."

भीती वाटते गं. आपल्या खानदानात पहिल्यांदा कुणाला सावलीत बसून करायची नोकरी मिळाली, आणि ती मी पणाला लावते आहे. कुलूप लावलं का ते चार चार वेळा बघते. पण भीतीला मी तारीख देऊन ठेवली आहे. शिकवायचा सोमवार होऊन जाऊ दे, मग सावकाश भिऊ.

तुला वचन देते. आवाज चढवणार नाही, रडणार नाही, एक शब्द वाढवून सांगणार नाही. फळ्यावर चार चौकोन काढीन. पहिल्यात लिहीन, "साहेबांच्या वास्तुशांतीची यादी". दुसऱ्यात लिहीन, "माझी माय". दुसऱ्यात तुला मी लिहिलं, हे आधी सांगीन. रजा मागितली नाही, हेही सांगीन. माझ्या वाट्याचं मी माझ्याकडे ठेवीन. मग वहीतली पानं अध्यक्षांपुढे ठेवीन, मार्कर साहेबांच्या हातात देईन आणि सगळ्यांसमोर विचारीन, "सर, यातलं आधी कोणतं करायला पाहिजे होतं?" त्यांचं उत्तर येईपर्यंत खाली बसणार नाही.

येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, शेतात पूजेला जाईन, तुझ्या वाटणीची भाज्यांची भज्जी आणि आंबील ठेवीन. आणि येळवशीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, मी फळ्यापुढे उभी असेन.

तुझी,
महानंदा