पायाळू पोरीचे हात

दादास गहिनीनाथचा रामराम,

माझी नात दिशा पायाळू जन्मली, म्हणून कुणाला उसण भरली की अख्खं तिसगाव तिच्याकडून पाठीला पाय लावून घ्यायचं. ती ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू मोकळे करायची विद्या, शिकायला निघाली तेव्हा तू हसलास, "लाथ मारायला कॉलेज कशाला लागतंय?" ते मला फार लागलं होतं.

सध्या ती अनुभव घ्यायला सावेडीच्या दवाखान्यात जाते. काल मी तिचा डबा घेऊन गेलो, तर आपल्या गावचा एक टेम्पोवाला कंबर धरून आला. चपलासुद्धा बायकोनं काढल्या. दिशाला पाहताच पालथा पडून म्हणाला, "ताई, मार लाथ अन् कर मोकळं!" शिकवणाऱ्या मॅडम मागंच उभ्या.

दिशा हसली. "काका, उठा आधी. चालून दाखवा."

तिनं त्याला चालवलं, वाकवलं, गाडीत कसा बसतो ते विचारलं. मग भाकरीचं पीठ मळावं तशा सबुरीनं त्याची कंबर हातांनी सैल करत गेली. मॅडमना मध्ये हात घालावा लागला नाही. टेम्पोवाल्यानं चपला स्वतः घातल्या. म्हणाला, "पायापरीस हात लई गुणाचा हाय!" मी इतका हरखलो की डबा तसाच घरी घेऊन आलो.

हे तुला सुनवायला लिहीत होतो, तेवढ्यात तुझाच फोन. "पाठ धरलीय रे. दिशा कोणत्या वारी असती?"

आता पत्र टाकत नाही, फोनवरच सांगतो. तू ये. फक्त आल्या आल्या पालथा पडू नकोस, ती आधी चालायला लावते.

तुझा धाकटा,
गहिनीनाथ