उमेळ्याच्या खात्याची सही

तुळिंज, शनिवार, १२ जुलै २००३

सुटलो एकदाचा! उमेळ्याच्या बँकेतलं पंचवीस वर्षांपूर्वीचं पडीक खातं आज बंद केलं. ते वर्षभर अडलं होतं फक्त सहीवर. तेव्हा मराठीत करायचो, आता इंग्रजीत. इंग्रजी सहीही माझा मीच शिकलेलो. जुनी सही आठवडाभर गिरवली. बायको म्हणाली, "अहो, स्वतःचीच सही चोरताय?"

बँकेतल्या बाईंनी ती खातं उघडतानाच्या सहीच्या कार्डाशी ताडून पाहिली. "काका, ही फारच सुबक आहे. कार्डावरची थरथरतेय." दुसरीही नापास. आता मीच तोतया ठरणार की काय? तिसऱ्यांदा भीतीनं हात कापला.

"हां, आता तुम्हीच!"

इतकी वाईट सही मी कधीच... केली होती की, पंचवीस वर्षांपूर्वी, त्याच टेबलापाशी, असाच घाबरून.