रिपोर्ट नॉर्मल आहे

अंबरपेठ, हैदराबाद
५ फेब्रुवारी १९९७

ती. गंगूआत्यास त्रिवेणीचा शि. सा. नमस्कार.

तू बरी असशील. आमच्याकडे केबल आली, त्यामुळे सासूबाई दुपारच्या झोपेनाशा झाल्यात. अनिरुद्धची बँकेतली बदली टळली. नारायणगुड्याला पेजर कंपनीतलं माझं काम चालू आहे, पण दर महिन्याला दोन-तीन दिवस दांडी पडतेच. का पडते, ते तुला सांगायला नको.

हिमायतनगरच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासणीला मुंबईला पाठवलं होतं. नवीच तपासणी आहे. गर्भाशयाचं अस्तर पोटात भलतीकडेच वाढलं, तर कधी कधी रक्तात त्याची खूण सापडते म्हणे. रिपोर्ट आला. नॉर्मल! घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

सासूबाई म्हणाल्या, "रक्तात काहीच नै, तर पोटात कुठून आलं? उगा सगळ्यांना परेशान करून सोडलीस." अनिरुद्धने रिपोर्टची घडी घालून कपाटात ठेवली. मला खरा संताप आला तो त्याचाच.

डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "खून में नै दिखा तो बीमारी नै, ऐसा नै होता अम्मा. दूरबीन डाल के देखना पड़ता." मग विचारलं, घरात आणखी कुणाला असं दुखायचं का. सासूबाई शेजारीच होत्या, तरी मी म्हटलं, माझ्या आत्याला. आमचे बाबा त्याला सोंग म्हणायचे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. सासूबाईंनी माझी बॅग भरून ठेवलीय. पुढच्या रविवारी उदगीरला जा, बरं वाटेपर्यंत माहेरी आराम कर, असं ठरलंय. आणि बरं वाटलंच नाही तर, असं मी विचारलं. सासूबाईंनी बॅगेची चेन ओढली. आत्या, तुलाही आराम करायलाच उदगीरला पाठवलं होतं. तू अजून तिथेच आहेस.

मी येणार नाही. सोमवारी त्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी दवाखान्यात भरती होतेय, कागदावर सही मीच करणार. भीती फार वाटते गं. जवळ कोण थांबणार, असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगितलं. बाबांना विचारत बसू नकोस, सरळ निघून ये. तू सोंग करत नव्हतीस, हे मला तुझा हात धरून म्हणायचंय. इतक्या वर्षांत आपल्यातलं कुणीच म्हटलं नाही.

तुझ्याच वळणावर गेलेली,
त्रिवेणी