ठकुबाईच्या मुसळाचं इंग्रजी

भोर, चैत्र वद्य ५, शके १८५७

राजमान्य राजेश्री श्रीपादराव यांस, भोराहून नारायणाचा लवून, पण या खेपेला मान ताठ ठेवून, नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत. तुमच्या बहिणीची प्रकृती उत्तम आहे, आवाज त्याहून उत्तम. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तुमचं पित्त? (हे पत्र वाचून ते खवळलं तर आवळकाठी चघळावी.)

वार्ता अशी की मी पास झालो. हो, इंग्रजीत. चौथ्या खेपेला. संस्थानच्या कचेरीतली भाषांतर-कारकुनाची जागा माझी झाली आणि वेल्ह्याच्या धान्यकोठारावरची बदली टळली. या खेपेला नापास झालो असतो तर बदली ठरलेली होती, आणि तुमच्या बहिणीने स्पष्ट सांगितलं होतं की वेल्ह्याला तुम्ही एकटे जा, मी पुण्याला दादाकडे जाते. म्हणजे माझ्या परीक्षेवर माझा संसारही टांगला होता आणि तुमची माजघरातली एक खोलीही. आनंद दोघांनी मानावा.

आता हे कसं घडलं ते सांगतो. गेल्या वर्षी मी तुम्हाला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं, ते तुम्ही सतरा ठिकाणी लाल शाईने रंगवून परत पाठवलंत आणि समासात लिहिलंत, ‘नारायणराव, मराठीत लिहीत जा.’ बी. ए. माणसाला शोभेल असाच सल्ला. (मी तो महिनाभर घडी करून खिशात बाळगला. राग शिळा होऊ नये म्हणून.) त्या सतरांतल्या अकरा चुका एकाच जातीच्या होत्या. इंग्रजांची क्रियापदं जोडीने हिंडतात. नुसतं ‘टेक’ म्हणजे घेणे, पण मागे ‘ऑफ’ लागला की अंगावरचं काढणे. इथवर ठीक. पण ‘तो कोट काढ’ म्हणताना कोट मागेही चालतो, मध्येही चालतो. आणि त्याच कोटाला ‘इट’ म्हटलं की ते ‘इट’ मध्येच बसलं पाहिजे. ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ म्हटलं की तुमची लाल शाई. कोट मोठा, त्याला दोन्ही दारं मोकळी. ‘इट’ एवढंसं, त्याला एकच. हा कुठला न्याय? नियम मी शंभरदा घोकला. घोकला की पाठ व्हायचा, बोलायला गेलो की पळायचा.

माघात एके सकाळी पडवीत पुस्तक घेऊन बसलो होतो. मागच्या अंगणात तुमची बहीण आणि ठकुबाई भात कांडत होत्या. ठकुबाई म्हणजे गुंजवण्याची बाई, सुगी संपली की इथे भावाकडे राहते आणि आमच्याकडे कांडपाला येते. एक मुसळ तुमच्या बहिणीचं, एक तिचं, उखळ एकच. एक घाव, दुसरा घाव, आणि दोहोंच्या मध्ये ठकुबाईचा डावा हात उखळात जाऊन उडालेलं भात आत लोटून बाहेर. मी बघत राहिलो. मग विचारलं की हात मध्येच का घालता, दोन्ही घाव झाल्यावर का नाही? तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“हाताचं काम मधीच हाय, मालक. मूठभर भात मधी टाका न्हाईतर मागनं टाका, कायबी बिघडत न्हाई. पाटीभर असंल तर दोन घाव हून द्या, मग वता. पाटी मधी घातली तर मुसळ पाटीतच जायाचं.”

श्रीपादराव, पुण्यातली तुमची सगळी व्याकरणं एका पारड्यात घाला आणि हे बोलणं दुसऱ्यात. ‘टेक’ हा पहिला घाव, ‘ऑफ’ दुसरा. ‘इट’ म्हणजे रिकामा हात, तो मध्येच. ‘कोट’ म्हणजे मूठभर भात, कुठेही. आणि ‘मामलेदारांनी परवा पुण्याहून शिवून आणलेला काळा कोट’ ही पाटी, ती शेवटी. मी पुस्तक मिटलं, तुमच्या बहिणीच्या हातून मुसळ घेतलं आणि धोतराचा काचा मारून उभा राहिलो. (भिंतीवरून शेजारच्या अंबूबाई बघत होत्या. दुपारपर्यंत निम्म्या भोराला कळलं.)

त्या दिवसापासून रोज सकाळी एक तास इंग्रजी. ठकुबाईला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण ‘इट’ चुकीच्या जागी पडलं की माझा घाव चुकायचा आणि ती म्हणायची, “न्हाई, परत.” ‘पुट इट राईट बॅक’मधल्या ‘राईट’ने आठवडा खाल्ला. शेवटी तो मुसळाच्या टोकाची लोखंडी कडी निघाला, दुसऱ्या घावाला चिकटलेला, त्याच्यापासून हलत नाही. ‘लुक आफ्टर’ तर ऐकेचना, त्याच्या मध्ये ‘इट’ जाईना. ठकुबाई म्हणाली, पोहे कांडताना घाव लागोपाठ पडतात, तिथं हात घातला तर बोटं जातील. तेव्हापासून आमच्याकडे दोन जाती झाल्या, भाताची क्रियापदं आणि पोह्यांची. (कोणतं कुठल्या जातीचं, हे मात्र पुस्तकातूनच पाठ करावं लागलं. खोटं कशाला बोलू.)

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक निवृत्त प्राचार्य आले होते. पहिल्याच प्रश्नाला नियम पुन्हा पळाला. हातात मुसळ नव्हतं ना. डोळ्यांपुढे वेल्ह्याचं कोठार आणि पुण्याच्या गाडीत बसलेली तुमची बहीण दिसली. मी छत्री उचलली, फरशीवर दोन घाव घातले, मध्ये डावा हात फिरवला, आणि उत्तर आलं. बरोबर आलं. दुसरं आलं, तिसरं आलं. शिपाई धावत आला. प्राचार्यांनी त्याला बाहेर घालवलं आणि हे काय चाललं आहे ते विचारलं. मी उखळापासून पोह्यांपर्यंत सगळं सांगितलं. ते खुर्चीवरून उठले. मग कोपऱ्यातली आपली काठी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“तीस वर्षं हा नियम मी पोरांकडून घोकून घेतला,” ते म्हणाले. “पुन्हा म्हणा. दुसरा घाव माझा.”

घरी येऊन तुमच्या बहिणीला पास झाल्याचं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि पुण्याला न्यायची म्हणून बांधलेली ट्रंक सोडायला बसली. मला फार बरं वाटलं.

कळावे, लोभ आहेच, तो आता थोडा आदराने असावा.

तुमचा (उत्तीर्ण) नारायण

ता. क. गुण शंभरांत एक्केचाळीस. पास व्हायला चाळीस लागतात. तुम्ही चौकशी करालच, म्हणून आधीच सांगितलं.

आणखी ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. कांडायला रोज भात लागतं. आमचं फाल्गुनाच्या सुरुवातीलाच संपलं. वैशाखातल्या तुमच्या चिरंजिवांच्या मुंजीसाठी तुम्ही आमच्याकडे आंबेमोहोराची दोन पोती ठेवली होती, ती मग मी घेतली. एकेक चूक चार-चारदा कांडावी लागल्यामुळे त्याच्या सगळ्या कण्या झाल्या आहेत. पंक्तीला वाढता यायच्या नाहीत. नवं भात कार्तिकात येईल, तेव्हा दोन पोती मी स्वतः पोचवीन. मुंज तोवर थांबावी एवढीच माझी हात जोडून विनंती, आणि ती इंग्रजीत करतो : प्लीज पुट इट ऑफ. चूक काढून दाखवा.